तळपट्टीवरचं नाव

जुन्या कॅमेऱ्यांच्या धंद्यात 'नाव आहे' म्हणजे खोट आहे. एरवी माणसं नावासाठी जन्मभर मरमर मरतात, पण कॅमेऱ्याच्या तळाला कुणाचं नाव कोरलेलं निघालं की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि दुकानदार तो मागच्या फळीवर ढकलतो. कानाएला हे सांगायला नको. ओकाया गावात, तळ्यापासून दोन गल्ल्या आत, घराच्या पुढच्या खोलीत बसून बत्तीस वर्षं ती लोकांचे कॅमेरे उघडत आली होती. तोक्योची दुकानं माल धाडायची आणि वर चिठ्ठी लावायची: शटर अडकलंय, भिंगात बुरशी आहे, तळाला नाव आहे, पट्टी बदला.

ही विद्या बाबांची. तोकुजी कोगुची, कॅमेऱ्याच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं शटर बसवणारे. कारखाना कधीच बंद पडला, त्या जागी औषधांचं भलंमोठं दुकान उभं राहिलं, पण बाबांच्या बोलण्यात तो अजून तीन पाळ्यांत चालू होता. मुलाच्या, योशिआकीच्या, हातात त्यांनी कधी पेचकस दिला नाही. तो शिकून साहेब व्हायचा होता ना! पोरगी आपली टेबलापाशी घुटमळायची, तर तिला म्हणाले, "ये, कान लाव. शटरचा पडदा बरोबर पडला की असा आवाज येतो. डोळे फसतात, कान फसत नाही." तिने कान लावला तो लावलाच. पुढे आई अंथरुणाला खिळली, तेव्हा योशिआकी नागोयाहून खरबुजांची पेटी घेऊन आला आणि त्याच संध्याकाळी परत गेला. कानाए राहिली. आई गेली, तरी राहिली. येणारी स्थळं आधी कमी झाली, मग थांबली. "कानाए आहे ना," एवढं म्हणून सगळे मोकळे.

बाबांना चौऱ्याऐंशीवं लागलं. नजरेच्या मधोमध काळा डाग बसला होता, कडेकडेने काय दिसेल ते. एक दिवस न्याहारीला, लोणच्यातलं पान चावता चावता, ते म्हणाले, "एक कॅमेरा घ्यायचाय. आमच्या कारखान्याचा. घरात ठेवा म्हणून राहील असा."

"घरात कॅमेऱ्यांचा खच पडलाय, बाबा."

"ते लोकांचे! आपला एक तरी आहे का? एकेचाळीस वर्षं केले आणि घरात एक नाही. मी गेल्यावर माझं म्हणून काय दाखवणार? कवळी?"

कानाएला हसू आलं.

"हसतेस काय? मला धड दिसत नाही, तेव्हा निवडायचा तू. आणि गिऱ्हाइकाचा म्हणून निवडू नकोस. स्वतःसाठी घेतेयस असं समजून निवड."

झालं. ह्या एका वाक्यावर छप्पन्न वर्षांची बाई पाघळली. तिला कुणी कधी असं काही म्हणालंच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार? टेबलावरच्या काचकपाटातला वरचा खण तिने रिकामा केला, पुसला, ओल धरू नये म्हणून कोपऱ्यात पुड्या ठेवल्या, खाली मऊ कापड अंथरलं. नंतर काम करताना मान वर करून त्या रिकाम्या खणाकडे बघायची आणि पुन्हा कामाला लागायची.

शनिवारी सकाळच्या गाडीने दोघं तोक्योला गेली. मुनाकाताचं दुकान तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा. बाबा दर पायरीला जिन्याला शिव्या घालत चढले. कानाए मुनाकाताची कामं वीस वर्षं करत होती. त्याने चहा मागवला आणि मखमलीच्या ताटात तीन कॅमेरे आणून ठेवले.

पहिल्याच्या भिंगात तिने बॅटरी मारली. कडेला बुरशीचा एक बारीक धागा. बाजूला ठेवला. दुसरा नको तितका चकचकीत. "ह्याचं कातडं कुणीतरी नवीन चढवलंय," ती म्हणाली. "आत काय काय बदललंय देव जाणे."

"कानाएसान, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज आलं तर मी दुकानाला कुलूप लावीन," मुनाकाता म्हणाला.

तिसरा काळा. कोपऱ्यांवरचा रंग उडून खालचं पितळ दिसत होतं. तिने शटर दाबलं, पुन्हा दाबलं, वेग बदलून दाबलं. मग तो बाबांच्या कानाशी नेला. बाबांनी डोळे मिटले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, सगळी त्या एवढ्याशा आवाजाकडे कान लावून उभी.

"हा," बाबा म्हणाले. "हा माझ्या हातचा असेल."

असे हजारोंनी निघाले होते आणि बसवणारे हात शंभर होते. पण कानाए म्हणाली, "असेलच." तिलाही तोच हवा होता. अगदी पहिल्या आवाजाला तिने तो मनात आपल्या खणात ठेवूनही दिला होता.

"आता खालच्या मजल्यावरच्या ठसेवाल्याकडून तळाला नाव कोरून घ्या," बाबांनी फर्मान काढलं.

मुनाकाताचा चेहरा पडला. कानाए हळूच म्हणाली, "बाबा, नाव घातलं की मालाची किंमत पडते. मग कुणी विकत घेत नाही."

"म्हणून तर घालायचं! विकायचाय कुणाला? नाव असलं की ठेवा घरात राहतो."

हे तिला पटलं. पडू दे खुशाल किंमत, आपल्याला कुठे विकायचाय! बाबांचा हात थरथरायचा म्हणून ठसेवाल्याला द्यायची चिठ्ठी तिनेच पुढे ओढली आणि कोगुची लिहिलं. दोन अक्षरं, 'लहान' आणि 'तोंड'. घराण्याचं नावच लहान तोंड, आणि घरात ते एकट्या कानाएने पाळलेलं. लिहून तिने पेन खाली ठेवलं. तिच्या मते नाव पुरं झालं होतं.

"लिहिलंस? आता पुढे ताकुतो लिही."

"ताकुतो?"

"मग? योशिआकीचा पोरगा यंदा कॉलेजात जातोय. आजोबाकडून नको का काही?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? तुला?" बाबांना खरंच नवल वाटलं. "तुला देऊन काय करू? तुझ्यानंतर कोण आहे?"

त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. आज वारा आहे, अशा सुरात ते बोलले. मुनाकाता पाठ फिरवून एक स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागला. कानाएचे कान तापले. बत्तीस वर्षं, आईची दुखणी, बाबांच्या डोळ्यांतली थेंब थेंब औषधं, हे सगळं बेरजेत कुठेच धरलेलं नव्हतं. तिने पेन उचललं.

आमच्या लिपीत नाव नुसतं उच्चारून भागत नाही. एका आवाजाची दहा अक्षरं असतात, त्यातलं कुठलं ते आईबापांनी ठरवलेलं. अक्षर चुकलं की माणूस दुसरा. ताकुतोमधलं 'तो' म्हणजे 'माप' ह्या अर्थाचं, चार रेघांचं. कानाएला ते झोपेतही लिहिता आलं असतं, कारण दर नवीन वर्षाला आजोबांकडून जाणाऱ्या खाऊच्या पैशांच्या पाकिटावर नाव तीच घालायची. बाबा फक्त पाकीट पुढे सरकवायचे.

"'तो' कुठलं, बाबा?" तिने विचारलं.

"कुठलं म्हणजे? माणसाचं 'तो'! दोन रेघा. माझ्या नातवाचं नाव मला विचारतेस होय?"

एक शब्द बोलली असती तर भागलं असतं. पेन कागदावर टेकलेलं होतं, बाबा वाट बघत होते. तिने दोन रेघा मारल्या. अगदी सुबक. चिठ्ठी आणि कॅमेरा घेऊन मुनाकाता खाली गेला आणि अर्ध्या तासात नाव पितळेत खोल बसलं.

पाठवण्याआधी तिने कॅमेरा पुरा उघडून साफ केला. केलेल्या पापाला तेवढाच उतारा म्हणून रिळाच्या जागी एक पातळ चिठ्ठी ठेवली: "रीळ डावीकडून घाल. ओढू नकोस. काही अडलं तर फोन कर. आत्या."

फोन आला तो योशिआकीचा. "ताई, अगं, अक्षर चुकलंय! ताकुतो हसून हसून लोळतोय. म्हणतो, हा कोण माणूस, ह्याचा कॅमेरा मला कशाला? बाबांना सांगू नकोस हं, उगाच जिवाला लावून घेतील. पण तू होतीस ना बरोबर? तुझ्या लक्षात नाही आलं?"

"नाही आलं," कानाए म्हणाली. "माझंही वय झालं की."

फोन ठेवल्यावर तिला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग दिवसभर जेवण गेलं नाही.

दोन वर्षं गेली. बाबांची उरलीसुरली नजरही गेली. रोज संध्याकाळी एकच विचारणं: "ताकुतोचे फोटो आले का?" आणि कानाएचं एकच उत्तर: "परीक्षा असतील त्याच्या." काचकपाटातला वरचा खण तिने तसाच रिकामा ठेवला होता. का ते तिला सांगता आलं नसतं.

यंदाच्या कार्तिकात, दारात पर्सिमनची फळं सोलून वाळत घातली होती, तेव्हा मुनाकाताचं पार्सल आलं. पेटी उघडताच कोपऱ्यावरच्या पितळेवरून तिने कॅमेरा ओळखला. वर चिठ्ठी: "कानाएसान, नागोयाच्या लिलावातून आला. मी ओळखला. घेणाऱ्याला नाव नको आहे, तळपट्टी बदलून हवी. दुसऱ्या कुणाकडे धाडावा असं मनात आलं होतं, पण तुमच्याइतकं नीट कोण करणार? माफ करा."

तिने मागचं झाकण उघडलं. रिळाच्या जागी तिची चिठ्ठी जशीच्या तशी. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पोराने झाकण एकदाही उघडून बघितलं नव्हतं. "मेल्या," ती मोठ्याने म्हणाली, "नाव चुकलं होतं, कॅमेरा तर चुकला नव्हता!" आणि मग तिला रडू फुटलं, कारण नाव कुणी चुकवलं ते तिला माहीत होतं.

काम ते काम. तीन स्क्रू काढले, नवी पट्टी बसवली. काढलेला भाग कारागिराने ठेवायचा असा ह्या धंद्यातला रिवाज, म्हणून जुनी पट्टी तिने एप्रनच्या खिशात टाकली. घराच्या ठेव्यातलं तिच्या वाट्याला एवढंच आलं, आणि त्यावरही नाव दुसऱ्याचं. दुसऱ्याचं तरी कुठलं, कुणाचंच नाही.

आज सांगायचंच, असं तिने ठरवलं. तुमच्या नातवाने विकला. नाव चुकलेलं होतं. तुम्ही चुकीचं सांगितलंत आणि मी जाणूनबुजून लिहिलं. सगळं एका दमात. कॅमेरा घेऊन ती ओसरीवर गेली. बाबा उन्हात बसले होते. तिने तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी चाचपला, कानाशी नेला, शटर दाबलं. चेहरा एकदम उजळला. "अगं, हा तर आपला! ताकुतोचा! तुझ्याकडे दुरुस्तीला पाठवला होय?"

"बाबा, ऐका..."

त्यांचा अंगठा तळाशी गेला. इकडून तिकडे फिरला, पुन्हा फिरला. "नाव कुठाय?"

"तेच सांगतेय, नाव..."

"घासलं गेलं!" बाबा ओरडलेच. "कानाए, कोरलेलं नाव घासलं गेलं! किती वापरला असेल पोराने! दोन वर्षांत पार गुळगुळीत!"

एकेचाळीस वर्षं पितळ हाताळलेला माणूस. पितळेतलं नाव दोन वर्षांत घासत नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. पण कळून घ्यायचंच नसेल तर कोण काय करणार? ते हसत होते आणि आंधळ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश तिने पाहिलं नव्हतं.

"बघ, मी बरोबर माणसाला दिला," ते म्हणाले. "तुझ्याकडे असता तर तू कपाटात कापड अंथरून नुसता ठेवला असतास. काय सांगत होतीस?"

खिशातल्या पट्टीची कड तिच्या मांडीला टोचत होती.

"काही नाही," कानाए म्हणाली. "तेच. नाव घासलं गेलंय म्हणून."

"मग लवकर परत पाठव, पोराचा खोळंबा नको. आणि हो, तळाला पुन्हा नाव घालून पाठव. मला विचारत बसू नकोस, अक्षरं तुला ठाऊकच आहेत."

"हो बाबा," ती म्हणाली. "मला ठाऊक आहेत."

तिने त्यांच्या हातातून कॅमेरा सोडवून घेतला आणि आत जाऊन पेटीवर मुनाकाताचा पत्ता लिहायला बसली.