मालनबाईंची जीभ

मालनबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्याला झालं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही. लेक रेणू दोन दिवस राहिली आणि पोरांच्या परीक्षेसाठी भोकरदनला परत निघाली. "आई, संगं चल," म्हणाली, तर मालनबाई म्हणाल्या, "जावयाच्या घरी पंधरा दिवस? बिलकुल न्हाई!"

राजूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मालनबाई कुणाचं काही घेत नाहीत. कुणी वाटीभर साखर दिली तर त्या दोन वाट्या परत पाठवायच्या. रेणू गेली त्याच दुपारी शेजारच्या साळूबाई ताट घेऊन आल्या, तेव्हा काळ्या चष्म्याआडून उत्तर आलं, "भूक न्हाई मला." संध्याकाळी साळूबाईंनी दारातून डोकावून पाहिलं, तर बाई कोरडे मुरमुरे चावत बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी साळूबाई नाकाला पदर लावून आल्या.

"सर्दीनं चवच कळून न्हाई राह्यली बघा. आमटीत मीठ बराबर हाय का, जरा सांगता?"

"आण इकडं."

नुसत्या आमटीची चव कशी कळणार, म्हणून भाकरीही आली. वाटी पुसून रिकामी झाली. मालनबाई म्हणाल्या, "मीठ ठीक हाय. फोडणी करपली."

साळूबाई म्हणजे गल्लीतली सुगरण. त्यांनी ते वाक्य कसंबसं गिळलं आणि युक्ती घरोघर सांगितली.

मग रांगच लागली. गल्लीतली नवी सून शीतल वांग्याची भाजी घेऊन आली. "वांगं शिजलं, पण मसाला कच्चा," मालनबाईंनी निकाल दिला. शीतलनं दुसऱ्या दिवशी मसाला नीट परतला, तर तिचा नवरा दोनदा वाढून घेऊन जेवला. मालनबाईंना हुरूप आला. अकरा वाजता वेणीफणी करून त्या ओट्यावर बसू लागल्या. सहाव्या दिवशी तर त्यांनी निरोप धाडला, "काल कुणी वरण दाखवलं न्हाई. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडू नका."

सातव्या दिवशी समोरचे कडूबा आले. त्यांची बायको वारून वर्ष झालं होतं. तेव्हापासून ते स्टँडवरच्या हॉटेलात जेवायचे. माणूस सरळ, खोटं बोलायला गेला की कानापर्यंत लाल व्हायचा. त्यांनी ताटली पुढं केली. दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

"चव पाहायची का?" मालनबाईंनी विचारलं.

"चव कशाला, वैनी? तुम्ही जेवावं म्हणून सगळी गल्ली आणून राह्यली. मी एकटाच राह्यल्तो. ते चवीचं निमित मला काय जमत न्हाई."

पलीकडच्या ओट्यावर साळूबाईंनी कपाळाला हात लावला.

"म्हंजे साळूला सर्दी नव्हती?"

"ठणठणीत हाय की ती!"

आता आभाळ फाटणार, म्हणून शीतल हळूच आपल्या दाराआड सरकली. पण मालनबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. कड जळलेली, आत कच्ची. बराच वेळ त्या तो चावत राहिल्या.

"ही तुम्ही केली?"

"हौ. चार मोडल्या, मंग ह्या दोन झाल्या."

"हिला भाकरी म्हणायचं?" म्हणत त्यांनी ती सगळी खाल्ली, आणि उठल्या. "चला. माझी खुर्ची उचला."

कडूबांच्या अंगणात, चुलीपासून चांगली लांब, खुर्ची मांडली गेली. "पाणी गरम घ्या. मळा. अजून मळा! कुणाची भीड धरता?" साठीचे कडूबा कोपरापर्यंत पिठात माखले. आख्खी गल्ली बघायला जमली. पहिली भाकरी तव्यावर जाताना फाटली, दुसरी जमिनीवर पडली, तिसरीला कुणीतरी नकाशा म्हटलं आणि मालनबाईंची बोलणी खाल्ली. पाचवी मात्र निखाऱ्यावर टेकवली नि बायका ओरडल्या.

"फुगली का? मला नीट दिसून न्हाई राह्यलं, जल्दी सांगा!"

"टम्म!" कडूबा म्हणाले.

मालनबाईंनी मान वळवली. "साळू, घरून कालवण आण गं. आम्हां दोघांना."

त्यांनी कुणाकडं काही मागितल्याचं गल्लीला आठवत नव्हतं. साळूबाई अशा लगबगीनं पळाल्या, की त्यांची एक चप्पल अंगणातच राहिली.