एकाच नावाची चाळीस वाक्यं

ह्यांचं गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दवाखान्यातल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला एक ॲप दिलं. ऑपरेशननंतर ह्यांचा आवाज राहणार नव्हता. त्याआधी रोज लागणारी वाक्यं ह्यांच्याच आवाजात भरून ठेवायची, मग ओळीवर बोट ठेवलं की फोन बोलेल. मुलानं समजावलं की आवाज कंपनीकडे क्लाऊडवर राहतो, फोन फुटला तरी काळजी नाही. हे म्हणाले, "माणूस खाली आणि आवाज आधीच वर? बरं आहे, जागा धरून ठेवेल."

ह्यांनी सदतीस वर्षं फळबाजारात लिलाव पुकारला. आकडे तोंडपाठ, पण अक्षर एक येत नाही. मी शिवणकाम करते. साठी उलटल्यावर सुनेकडून अक्षरं शिकले, म्हणून फोन माझ्या हातात आला.

दोन दिवस आम्ही वाक्यं भरत बसलो. पाणी दे. उशी वर घे. पंखा बंद कर. एकतिसावं वाक्य मात्र वेगळं होतं. धाकट्या मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ह्यांनी तिला घराबाहेर काढलं, त्याला अकरा वर्षं झाली. त्या वाक्याला ह्यांनी मला खोलीबाहेर पाठवलं. मी दाराआडून ऐकलंच. "पोरी, चूक माझी होती. घरी येत जा." ती आली की आपण स्वतः लावू, असं म्हणाले.

प्रत्येक वाक्य झालं की ॲप नाव विचारायचं. आमच्या कामात एका गिऱ्हाइकाचे दहा कपडे असले तरी दहाही चिठ्ठ्यांवर एकच नाव. नाव बदललं की कपडा दुसऱ्याच्या पिशवीत गेलाच. ह्यांचा आवाज परक्याच्या घरी जाऊ नये म्हणून मी चाळीसही वेळा ह्यांचंच नाव घातलं. ॲप दर वेळी काहीतरी लांबलचक विचारायचं, मी 'हो' दाबत गेले. कितवी ओळ कसली, ते ह्यांना पाठ होतं.

चार महिने काही अडलं नाही. मग फोन अडखळायला लागला. मुलानं नवा आणला, जुना पुसून दुकानात दिला. नव्यातही चाळीस ओळी दिसल्या. ह्यांनी पाण्याची ओळ दाबली. फोन म्हणाला, "झालं ना तुझं? बंद कर आता." ह्यांनी उशीची दाबली, तेच. चाळिसाव्या वेळी कंटाळून बोलले होते, तेही मी भरून ठेवलं होतं.

मुलानं कंपनीत फोन लावला. तिथला माणूस सभ्य होता. त्यांच्याकडे एका नावाला एकच आवाज राहतो, नवा आला की जुन्याच्या जागी बसतो. वेगवेगळे चाळीस फक्त जुन्या फोनमध्ये होते. पुसलेलं त्यांच्याकडून महिनाभर परत मिळतं. आमचे चार उलटले होते.

आणि रविवारी धाकटी येणार होती. भावानं फार गळ घातली म्हणून, एकदाच.

ती आली, खुर्चीच्या कडेला बसली. मी तिला सगळं सांगितलं, वाक्य काय होतं आणि मी ते कसं घालवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आई, आप्पांच्या वतीनं तूच बोलत आलीस. मी पास झाले तेव्हा आप्पांना आनंद झाला, हेही तूच सांगितलंस."

"ह्या वेळी खरंच म्हणाले गं."

"ह्या वेळी," ती म्हणाली.

ह्यांनी फोन ओढून घेतला आणि एकतिसावी ओळ दाबली. बंद कर आता, फोन म्हणाला. ह्यांनी बत्तिसावी दाबली, मग तेहतिसावी. एखाद्या ओळीखाली काही उरलं असेल, असं वाटत असावं. मी फोन काढून घेतला. ह्यांनी तोंड उघडलं, तर गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. मग ह्यांनी तिचं मनगट धरलं.

तिनं हात काढून घेतला नाही. नर्स धरू देते तसा धरू दिला, आणि मला विचारलं की औषधं वेळेवर घेतात का. घेतात, मी म्हणाले. ह्यांची पकड सैल झाल्यावर तिनं घड्याळ पाहिलं.

दारात चप्पल घालताना म्हणाली, "काही लागलं तर दादाला सांगत जा."