शिडी धरायला दुसऱ्या घरचं माणूस

मित्रांनो, आमच्या बोळात कुणाला काही उंच बांधायचं असलं की आधी माझी आठवण होते. मी बांबूची जुनी शिडी. जुन्या हुबळीत लक्कव्वाच्या घराच्या भिंतीला मी आडवी टांगलेली असते, आणि माझ्यावर बहुतेक वेळा कुणाची तरी साडी वाळत असते. तक्रार नाही.

अळणावरकडच्या बांबूंतून मला परसूने घडवलं. परसू म्हणजे लक्कव्वाचा नवरा, घरं रंगवणारा. त्याने एकेक पायरी खाचेत बसवली, काथ्याने आवळली आणि शेवटी स्वतः माझ्यावर उड्या मारून पाहिल्या. "ही माझ्यापेक्षा टिकणार," म्हणाला. तसंच झालं.

एरवी मी त्याच्याबरोबर चुन्यात माखायची. सणासुदीला मात्र बोळाची व्हायची. एका दिवाळीत समोरच्या घरचे अप्पा आकाशकंदील लावायला माझ्यावर चढले. घरची सगळी माणसं खाली जमली होती आणि सगळी कंदिलाकडे बघत होती. "थोडा उजवीकडे!" "अय्यो, फार झालं!" माझ्याकडे बघायला कुणी उरलंच नव्हतं. माझा एक पाय फरशीवरून सरकला आणि अप्पांचं कोपर जन्माचं वाकडं झालं.

त्यानंतर परसूने नियम केला. ज्याचा सण, त्याने वर चढायचं. खाली मला धरायला दुसऱ्या घरचं माणूस हवं, ज्याचा तो सण नाही. सणवाल्यांचे डोळे वरच असतात, त्याला ते तरी काय करणार?

मग अप्पांच्या कंदिलाला पलीकडची हजरतबी मला धरू लागली. तिच्या ईदच्या दिव्यांच्या माळेच्या वेळी परसू मला धरायचा. भीमजयंतीला परसूच्या निळ्या पताकांची दोरी बोळावरून आडवी जायची. तिचं दुसरं टोक अप्पांच्या भिंतीतल्या आकड्याला बांधायचं. तेव्हा अप्पा वाकड्या कोपराने मला धरायचे. गाठ बसली की धरणाऱ्याने खालून शुभेच्छा द्यायच्या. त्या शुभेच्छांत थोडी धाप असायची. मला ती आवडायची.

पुढे परसू गेला, मागोमाग अप्पा गेले. शुभेच्छा फोनवर आल्या, बसल्या जागी सगळ्या गावाला. त्यातही वाईट काही नाही. पण त्याच फोनवर एक दिवस फर्मान आलं: दुसऱ्यांच्या सणाला हात लावायचा नाही, शुभेच्छाही द्यायच्या नाहीत. पाठवणारा बोळातल्या उत्सव मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे अप्पांचाच मुलगा आनंदा. मंडळाने ॲल्युमिनियमची घडीची शिडी घेतली. चकचकीत आहे, स्वभावाने वाईट नाही. पण तिला धरायला फक्त मंडळाचीच माणसं.

लक्कव्वाचा मुलगा धम्मानंद तरी काय वेगळं सांगत होता? "अव्वा, आपण त्यांचे सण सोडले. मग त्यांची शिडी कशाला धरायची?"

"सण सोडले रे बाबा. शेजार कधी सोडला?"

यंदा परसू आणि अप्पा, दोघांवाचूनची पहिली जयंती आली. आता दोरी त्या आकड्याला पोचली नाही तर पुढे कधीच पोचणार नाही, हे लक्कव्वाला कळत होतं. तिने मला उचलून आनंदाच्या भिंतीला लावलं.

"मी चढतो, तू धर," धम्मानंद म्हणाला.

"मी नाही. आपलाच सण आहे, माझे डोळे वर जातील."

"मग कोण येणार? तो अध्यक्ष?"

"मला उचलून न्या, मी धरते," दारातल्या खुर्चीवरून हजरतबी म्हणाली. तिचे गुडघे आता तिलाच धरत नाहीत. तिघं हसली. हसता हसता लक्कव्वाने बोळाकडे पाहिलं. बोळातली दारं उघडी होती, बाहेर मात्र कुणी येत नव्हतं.

तेवढ्यात आनंदाची बायको सविता पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि तिने मला घट्ट धरलं. "चढ रे धम्मा. लवकर. भाकरी तव्यावर आहे."

"नवऱ्याला विचारलंस का गं?" लक्कव्वाने हळूच विचारलं.

"मामंजींचं कोपर मीच शेकत होते, मावशी. ते काय ह्यांना विचारून?"

धम्मानंद वरच्या पायरीवर पोचला. आकडा वीतभर लांब राहिला होता. नेमकी तेव्हाच आनंदाची मोटारसायकल बोळात शिरली.

"सविता! सोड ते. घरात चल."

सविताने मान वळवली नाही. "सोडलं तर हा पडेल. अप्पांसारखा. सोडू?"

धम्मानंद आकड्याकडे झुकला, आणि मित्रांनो, मी सरकले. तीच फरशी, तोच पाय.

"बिडब्याड! सोडू नको!" आनंदा ओरडला. गाडी आडवी टाकून तो धावला. त्याने माझ्या पायाला आपला बूट लावला आणि दोन्ही हातांनी मला दाबून धरलं.

गाठ बसली. निळी दोरी ताणली गेली.

"जय भीम, धम्मा. जयंतीच्या शुभेच्छा," सविता म्हणाली. तिला धाप लागली होती.

आनंदाने मात्र धम्मानंदचे दोन्ही पाय फरशीला लागेपर्यंत मला सोडलं नाही. मी शिडी आहे. माझ्या लेखी त्यालाच शुभेच्छा म्हणतात.

"दिवाळीला हाक मार," हात झटकत धम्मानंद त्याला म्हणाला. "तुझी ती चकचकीत शिडीही धरीन."

"आणि माझी करपलेली भाकरी?" सविताने विचारलं.

"ती अध्यक्षाला वाढ," हजरतबी म्हणाली.

आता धम्मानंद माझा सैल झालेला काथ्या बदलणार आहे. सविताच्या पिठाचे ठसे अजून माझ्या बांबूवर आहेत, ते पुसू नको असं लक्कव्वाने त्याला बजावलंय. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी शिडी असेल. तिला पावसात टाकू नका, वाळवी लागू देऊ नका. आणि शेजारचं कुणी चढताना दिसलं तर सण कुणाचा ते मागाहून विचारा. आधी धरा.