जरीची गाठ

पुष्पलताचं म्हणणं एवढंच होतं, की झाड एक आहे. गोपाळराव सरांचं म्हणणं होतं, दोन आहेत. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख, आणि ती त्यांच्याच हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. अशा भांडणात कोण जिंकतं हे सांगायला काही ज्योतिषी लागत नाही.

भांडणाचं झाड काटोल रोडच्या पल्याड, माळावर वाढायचं. पावसाळ्यात जावं तर गवतात गुडघ्याएवढं झुडूप, समोरासमोर पानं, फुलाचा पत्ता नाही. मग फाल्गुनात गुराखी नव्या गवतासाठी माळ पेटवून देत. सगळं भस्म. आणि त्या राखेतून काही दिवसांतच जांभळ्या फुलांचे घोस वर येत, थेट जमिनीतून, अंगावर एक पान नाही. सरांनी तरुणपणी पानवाल्याचा नमुना एका कागदावर टाचला, फुलवाल्याचा दुसऱ्या, आणि कपाटात दोघांना वेगवेगळे खण दिले. तेव्हापासून त्या कपाटाला कोणी प्रश्न विचारला नव्हता.

पुष्पलताने विचारला. नुसता विचारला नाही, झाडाचं वर्णनच लिहून काढलं आणि नागपुरात दरवर्षी भरणाऱ्या परिषदेत वाचायची परवानगी मागितली. सरांनी ते शांतपणे वाचलं आणि परत केलं.

"पुष्पलताबाई, पानाचं खोड आणि फुलाचं खोड एकच आहे हे मला डोळ्यांनी दाखवा. परिषदेत मी स्वतः तुमचं नाव पुकारीन. नाही दाखवता आलं, तर हा विषय माझ्या विभागात पुन्हा नको."

झालं. म्हणजे खूण करणं आलं. पावसात पानवाल्या झुडपांना खूण बांधायची आणि आगीनंतर त्याच खुणेवर फुलं येतात का बघायचं. ती कोष्ट्याची पोर, घरात धाग्याला काय तोटा! वडिलांनी, बाबनरावांनी, माग केव्हाच बंद करून खापरखेड्याच्या वीजघरात नोकरी धरली होती, पण लाल सुताच्या लडी अजून फळीवर होत्या. तिने माळभर झुडपांना सूत बांधलं. कोष्ट्याची बारीक, चपटी गाठ, बोटाला लागूही नये अशी. मग फाल्गुन आला, माळ पेटला, आणि झुडपांबरोबर सूतही जळून गेलं.

तिच्या आईला, अनुसयाबाईंना, हसू आवरेना. "काहून वं पुष्पा, एवढी शिकली तू, अन् जळत्या माळावर सूत बांधून आली? आता राखेले विचार, कोणतं झाड कोनाचं ते."

मग तिने लोखंडी खिळे ठोकले, ते गुराख्यांनी उपटून फेकले, बैलाच्या खुरात जातील म्हणून. त्यांचंही बरोबरच. एक झुडूप कुंडीत लावलं आणि गच्चीवर गवत रचून पेटवलं, तर झुडूप मेलं आणि शेजारच्या कांताबाई सगळ्या आळीला सांगत सुटल्या, की पोरीचं लग्न लवकर उरका. एक वर्ष असंच पाण्यात गेलं. सर व्हरांड्यात भेटले की विचारत, "काय म्हणतं तुमचं एकुलतं एक झाड?" तिचा जीव नुसता जळायचा.

श्रावणात एके सकाळी अनुसयाबाई अंगणात सासूच्या जुन्या लुगड्याचा काठ तव्यावर जाळत बसल्या होत्या. त्यात नवल नव्हतं. जरीकाठी लुगडं पार विरलं की कोष्ट्याच्या घरात काठ जाळतात. रेशीम जातं, चांदी राहते, ती सोनाराकडे. पुष्पलताने हे लहानपणापासून शंभरदा पाहिलं असेल. त्या दिवशी मात्र ती हातातला चहा विसरून तव्याकडे बघत राहिली. काठाची राख झाली होती आणि राखेत चांदीची तार जशीच्या तशी वळलेली होती.

"बाबा, खरी जर आहे का गा घरात?"

बाबनराव ड्यूटीला निघाले होते. "हाये एक रीळ. अखेरच्या लुगड्यातलं उरलेलं. तुया लग्नाच्या काठासाठी ठेवलं."

"काठ राहू द्या. मले माळासाठी पाहिजे."

बाबनरावांनी बायकोकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि मुकाट्याने रीळ काढून दिलं. तसे ते बोलण्यात कंजूषच.

पण नुसती जर बांधून भागणार नव्हतं. "फुलं आल्यावर तुम्हीच बांधली असेल," असं सर म्हणणार हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती सरळ त्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, खूण तुम्हीच बांधा."

नाही म्हणायची सोय राहिली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सर काटोलच्या एस.टी.तून माळावर आले, दिसेल त्या पानवाल्या झुडपाच्या बुडाशी, अगदी मातीला लागून, जर गुंडाळत गेले. कोष्ट्याची गाठ त्यांना कुठून येणार? त्यांनी बुटाची नाडी बांधतात तशी दोन कानांची गाठ मारली, ऐसपैस. पुष्पलताने वर माती दाबली.

त्या वर्षी माळ पेटेचना. अवकाळी सरी पडल्या, गवत ओलं राहिलं, परिषद जवळ येत चालली. पुष्पलता रोज काटोलकडच्या आभाळात धूर शोधायची. अखेर रामाजी गुराख्याने काटोलच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, "बाईले सांगजा, माळ पेटला." आग लागली हे ऐकून इतका आनंद झालेली बाई कंडक्टरने पहिल्यांदाच पाहिली असावी.

राख निवाली, फुलं आली, आणि ती सरांना घेऊन गेली. सारा माळ काळा आणि त्यावर जांभळे घोस. सर पांढऱ्या पँटीसह राखेत गुडघे टेकून बसले. एका घोसाखालची माती त्यांनी बोटाने उकरली, काहीतरी लुकलुकलं. आतलं रेशीम जळून गेलं होतं, पण चांदीची तार जळक्या बुडख्याला तशीच वेढलेली होती, दोन कानांची. सरांनी दुसरा घोस उकरला, मग तिसरा. प्रत्येक ठिकाणी तेच दोन कान वर करून बसलेले.

परत येताना एस.टी.त पुष्पलता खिडकीकडे तोंड करून सारखी हसत होती.

परिषदेत सरांनी तिचं नाव पुकारलं. मागच्या बाकावर अनुसयाबाई आणि इस्त्रीच्या शर्टातले बाबनराव अंग चोरून बसले होते. पुष्पलताने वाचलं: झुडूप गुडघाभर, जमिनीत जाड लाकडी गड्डा, पानं समोरासमोर, खालून लवदार, पावसात येणारी. फुलं जांभळी, घोसाने, आगीनंतर, पानांआधी. झाड एकच.

पुण्याहून आलेले एक पाहुणे उठले. "बाई, खुणा तुम्हीच बांधल्या असतील. आगीनंतर बांधल्या नाहीत कशावरून?"

पुष्पलताने नमुन्याचा कागद वर धरला. त्यावर सुताने शिवलेला बुडखा होता, फुलांसकट, आणि बुडाशी जरीची दोन कानांची गाठ. तिने तोंड उघडायच्या आत गोपाळराव उठून उभे राहिले.

"कोष्ट्याची पोर अशी गाठ जन्मात मारणार नाही," ते म्हणाले. "पावसात, पानं असताना मारली होती. गाठ माझी आहे."

मागच्या बाकावरून बाबनरावांचा हसण्याचा आवाज आला. घरात सुद्धा ते इतक्या मोठ्याने हसल्याचं कोणाला आठवत नव्हतं.