झाकणाखालची कणीक

मी एक जुनी काथवट आहे. तुमच्या घरच्या काथवटीपेक्षा मी बरीच दांडगी. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ओकच्या लाकडाची, चार पायांची, माणूस आडवा मावेल एवढी लांब. वर बिजागऱ्यांचे झाकण. आत कणीक फुगायची आणि झाकणावर घरची माणसे जेवायची. मित्रांनो, एवढेच आयुष्य असते तर मी सुखाने कुजले असते.

सोआझिक लग्न होऊन आली ती मला घेऊनच. तिचा नवरा लवकर गेला. तोंडाची फटकळ बाई, पण मला फार जपायची. बिजागऱ्यांना न चुकता डुकराची चरबी चोळायची. "कुरकुरणारा नवरा सोसला, कुरकुरणारं झाकण नाही सोसायची," म्हणायची. पाव कापण्याआधी ती त्याच्या पाठीवर चाकूच्या टोकाने क्रूस ओढायची. आमच्याकडे सगळेच ओढतात. हाताला तसे वळणच असते.

मग पॅरिसमध्ये राजाचे डोके उडवले आणि नवे सरकार आले. चर्चला कुलूप लागले, रविवार रद्द झाला, क्रूस दिसला तरी संशय यायचा. पाद्र्यांनी सरकारची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. सोआझिकचा धाकटा भाऊ गेनोले आमच्या गावचा पाद्री. "मनात नाही ते तोंडाने बोलणार नाही," असे म्हणून तो रानात पळाला. अशा पाद्र्याला मरण होते आणि त्याला लपवणाऱ्यालाही. तेव्हापासून आमच्या घरात भीती राहायला आली. कुत्रे भुंकले की सोआझिकच्या हातातला डाव थांबायचा.

एका दुपारी गेनोले उपाशीपोटी घरी आला.

"लहानपणापासून मेला जेवायच्या वेळेलाच उगवतो!" सोआझिक पुटपुटली आणि तिने वाडगा भरला.

घास तोंडात जातो न जातो तोच अंगणात बुटांचा आवाज झाला. तिने त्याला माझ्यात कोंबले, झाकण लावले आणि वर पाव ठेवला. त्याची छाती माझ्या फळीवर इतकी धडधडत होती, की तो आवाज बाहेर जाईल असे मला वाटले.

दोघे शिरले. एक हवालदार आणि एक कोवळा शिपाई, फिर्मँ. त्यांनी पलंग उपसला, गवतात संगीन खुपसली. काही मिळेना, तसा हवालदार माझ्यापाशी येऊन बसला.

"यात काय आहे गं?"

"कणीक फुगायला ठेवलीय, साहेब. उघडलीत तर वारा लागून बसेल."

"बसू दे की. आधी पाव काप रे, फिर्मँ. मग बघतो हिची कणीक."

फिर्मँने पाव उचलला, पालथा केला आणि चाकूच्या टोकाने त्यावर क्रूस ओढला.

त्याचे त्यालाच मागाहून कळले. चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"हे काय केलंस?" हवालदार उठून उभा राहिला. "सरकारचा डगला घालून क्रूस काढतोस? तुलाही पाठवू का पाद्र्यांच्या रांगेत?"

सोआझिकला गप्प बसता आले असते. शत्रूकडचाच तर पोरगा होता. पण ती फिस्कन हसली.

"अहो, चाकूची धार बघतोय तो! माझा चाकू लोणीसुद्धा कापत नाही. आण रे इकडे, शिपाईदादा, मी कापते."

हवालदार दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग माझ्याकडे बोट दाखवून फिर्मँला म्हणाला, "उघड."

मित्रांनो, तेव्हा मी गोठले. फिर्मँने माझे झाकण वीतभर उचलले. बिजागऱ्या वाजल्या नाहीत. आतून दोन डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने हळूच झाकण लावले.

"कणीकच आहे, साहेब. फुगतेय."

ते गेल्यावर सोआझिक जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली.

वर्षे गेली. सरकारे बदलली, सेनापतीचा सम्राट झाला, तोही पडला आणि पुन्हा राजा आला. चर्च उघडले, गेनोले परत पाद्री झाला. आता भीती संपली, असे मला वाटले. पण भीतीने फक्त घर बदलले होते. राजाची माणसे कोयते घेऊन जुन्या शिपायांना शोधू लागली.

एका सकाळी दारात एक माणूस धापा टाकत उभा राहिला. केस पिकलेले, एक पाय लंगडा. सोआझिकने निरखून पाहिले.

"चाकूला धार लावायला आलास होय?" ती म्हणाली आणि तिने झाकण उघडले. "शीर आत."

फिर्मँ माझ्यात शिरला. मागोमाग कोयतेवाले आले. तोवर गेनोले झाकणावर पाव आणि वाडगा मांडून जेवायला बसला होता.

"फादर, एक लंगडा शिपाई इकडे आलाय. तुम्ही सांगा, म्हणजे आम्हाला झडती घ्यायला नको. तुमचा शब्द आम्हाला पुरे. जिवावर बेतलं तरी तुम्ही खोटं बोलला नाहीत, गावाला ठाऊक आहे. या पेटीत काय आहे?"

मला तीच भीती वाटत होती. आत फिर्मँचे काळीज धडधडत होते. वर गेनोलेने दोन्ही हात माझ्या झाकणावर टेकवले. त्याने पाव उचलला, पालथा केला, सावकाश क्रूस ओढला.

"कणीक आहे," तो म्हणाला. "फुगतेय."

टोप्या काढून ते निघून गेले.

आज सोआझिक नाही, गेनोले नाही. मी गोठ्यात पडून आहे. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात आणि माझ्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. मित्रांनो, मला घासूनपुसून घरात ठेवा, असे मी म्हणत नाही. फक्त बिजागऱ्यांना थोडी चरबी लावा. पुढच्या वेळी कोण धावत येईल ते मला माहीत नाही. झाकण मात्र वाजता कामा नये.