नऊची उपासना

आमच्या सेंट पेट्रॉक चर्चमध्ये रविवारी दोन उपासना होतात, एक आठला आणि एक दहाला. जून संपत आला की गाणाऱ्यांना सुट्टी लागते, निम्मं गाव उन्हाळी पाहुण्यांच्या मागे पळत असतं, आणि दोन्ही उपासना मिळून एकच होते, नऊला. "उन्हाळ्यात देवसुद्धा एकाच पाळीत काम उरकतो," असं हार्लन म्हातारा दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी स्वतःच हसतो.

लोइस बील आठला यायची आणि थर्लो नवराबायको दहाला. तसं कोणी ठरवून दिलं नव्हतं. लोइसच्या मुलाच्या हातून थर्लोंची मुलगी गेली, तेव्हापासून ते आपोआप तसं झालं होतं.

ऑरिन थर्लोची शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडायची बोट आहे. त्याची आणि नोरीनची एकुलती एक मुलगी ब्रिन. लोइस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, नवरा केव्हाच सोडून गेलेला, तिचा एकटा कोल्बी. दोन्ही पोरं आमच्याच रविवारच्या शाळेत वाढली. नाताळच्या नाटकात दोघं मेंढरं व्हायची आणि गोठ्यात बसून एकमेकांना चिमटे काढायची. मोठी झाल्यावर त्यांच्यात प्रेमबिम काही नव्हतं, नुसती मैत्री होती. एका फेब्रुवारीत खाणीपाशी पोरांनी शेकोटी केली. कोल्बी प्यायला होता. ब्रिन त्याच्या ट्रकमध्ये बसली, कारण घरी यायचं होतं आणि त्याच्याबरोबर ती शंभरदा आली होती. रस्त्यावर बर्फ होतं. ट्रक झाडावर गेला. तिचं जागेवर संपलं, त्याचं गळ्याचं हाड मोडलं. कोर्टात त्यानं सगळं कबूल केलं आणि तुरुंगात गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात लोइस चर्चला आलीच नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात थर्लो आले नाहीत. त्याच्या पुढे काय, हे कोणाला माहीत नव्हतं.

मी वेदीची कामं बघते. कापड अंथरायचं, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस ठेवायचा, नंतर सगळं धुऊन पुसून कपाटात ठेवायचं. त्या जुलैच्या रविवारी सकाळीच उकडत होतं. मी आकडीच्या काठीनं वरच्या खिडक्या उघडत होते, तेवढ्यात लोइस आत आली. तिचे डोळे सुजले होते.

"व्हर्ना, ते येणार आहेत का गं?"

"मागच्या रविवारी होते. का, काय झालं?"

"कोल्बीला तिथे मारलं. डोळ्यावर. दिसेल की नाही सांगत नाहीत." ती मागच्या बाकाच्या कडेला टेकली. "मला घरी बसवेना. मी इथेच बसते, दाराशी. भाकर घ्यायलासुद्धा पुढे येणार नाही. कोणाच्या डोळ्यासमोर येणार नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. अजून काय करणार?

आमच्या रेव्हरंड प्रिसिला सुट्टीवर होत्या. त्यांच्या जागी फादर ॲम्ब्रोस आले होते, कनेक्टिकटचे निवृत्त धर्मगुरू, खाडीपलीकडे उन्हाळ्यापुरतं घर घेतलेले. भला माणूस, पण गावातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. घंटेला थोडाच वेळ उरला होता तेव्हा फोन आला की वेंडेल येत नाही, बायको पायरीवरून पडली, तिला घेऊन दवाखान्यात गेलाय. त्या दिवशी लोकांना द्राक्षारसाचा प्याला द्यायची पाळी वेंडेलची होती.

"दुसरं कोण देतं प्याला?" फादरनी बाकांकडे बघत विचारलं.

मी घाईनं म्हणाले, "मी देते, फादर."

"तुमच्याकडे बिशपांचा परवाना आहे?"

"नाही, पण..."

"मग नको, बाई. इकडचे बिशप माझे जुने मित्र, पण नियमाला पक्के आहेत."

हार्लनला कानानं कमी ऐकू येतं, म्हणून तो सगळ्यांशी ओरडून बोलतो. "अहो, लोइस आहे की! आठला तीच देते प्याला. लोइस, ए लोइस, ऊठ!"

सगळं चर्च मागे वळलं. हार्लनच्या मनात काही वाईट नव्हतं. वय झालं की माणसाला एक गोष्ट आठवते आणि तिला चिकटलेली दुसरी आठवत नाही. फादर हसत मागच्या बाकापाशी गेले. लोइसनं मान हलवली, काहीतरी पुटपुटली. फादर म्हणाले, "एवढी मेहरबानी करा, मी एकटा किती पुरा पडणार?" नाही म्हणायचं तर सगळ्यांदेखत कारण सांगावं लागलं असतं. लोइसनं थर्लोंच्या बाकाकडे पाहिलं. डावीकडचा तिसरा. रिकामा होता. मग ती उठली आणि झगा घालायला माझ्यामागून आतल्या खोलीत आली.

झग्याचा पट्टा तिनं माझ्या हातात दिला. मीच बांधला.

"ते आले नाहीत ना?" तिनं परत विचारलं.

"नाहीत."

पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला ते आले. ब्रिन गेल्यापासून ते उशिरानंच येतात, म्हणजे दारात कोणाशी बोलावं लागत नाही. ऑरिन पुढे, मागे नोरीन, निळ्या सुती झग्यात, हातात पुठ्ठ्याचा पंखा. नोरीननं वेदीकडे पाहिलं आणि तिचा पंखा थांबला. ऑरिननं पुस्तक उघडलं आणि गीताचं पान शोधत राहिला. गाणारे नसले की आमचं गाणं मुळातच लुळं पडतं. त्या दिवशी तर नुसता पियानोच ऐकू येत होता.

फादरचं प्रवचन कशावर होतं ते मला आजही आठवत नाही. मग प्रार्थना सुरू झाल्या. आमच्याकडे प्रार्थना वाचणारा मध्येमध्ये थांबतो आणि ज्याला ज्याचं नाव घ्यायचं असेल तो बसल्या जागी मोठ्यानं घेतो. आजाऱ्यांसाठी थांबले, चारपाच नावं आली. मग, "जे तुरुंगात आहेत, जे संकटात आहेत, त्यांच्यासाठी."

आठच्या उपासनेत इथे दर रविवारी एकच आवाज यायचा. लोइस म्हणायची, "कोल्बी." त्या दिवशी ती वेदीशेजारी उभी होती, मुलाच्या डोळ्याचं काय होईल हे माहीत नव्हतं, आणि ती गप्प राहिली. तिचे ओठ हललेसुद्धा नाहीत. वाचणाऱ्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ दिला. मग त्यालाच अवघडलं आणि तो पुढे गेला.

"आणि जे आपल्यातून गेले, त्यांच्यासाठी."

"ब्रिन," ऑरिन म्हणाला. नोरीन काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही.

प्रभुभोजनाची वेळ झाली. नोरीन मुलीच्या दफनानंतर वेदीपुढच्या कठड्यापाशी कधी आलेली नाही. बाकावरच बसून राहते. ऑरिन येतो. मला वाटलं होतं, आज तोही यायचा नाही, किंवा नुसती भाकर घेऊन छातीवर हात जोडेल. प्याला नको असला की आम्ही तसंच करतो. त्यात कोणाचा अपमान होत नाही. तो माझ्याशेजारी येऊन गुडघ्यावर बसला. अंगाला डिझेलचा आणि साबणाचा वास. फादरनी त्याच्या तळहातावर भाकर ठेवली. त्यानं ती खाल्ली आणि हात खाली आणले नाहीत, जोडलेही नाहीत, तसेच पुढे धरून ठेवले.

लोइस त्याच्यासमोर आली. प्याल्याची कड तिच्या अंगठीवर बारीक वाजत होती.

"ख्रिस्ताचं रक्त," ती म्हणाली. पुढचे शब्द तिला येईनात. आठ वर्षं जे शब्द ती म्हणत आली होती ते येईनात. ऑरिननं प्याल्याच्या बुडाला हात लावला, तो स्थिर केला आणि एक घोट घेतला.

मग त्यानं मान वर न करता हळू विचारलं, "आज त्याचं नाव का नाही घेतलंस?"

लोइसनं कापडानं कड पुसली, प्याला थोडा फिरवला आणि माझ्यापुढे आली. डोळ्यांतल्या पाण्यानं तिला दिसत नव्हतं. द्राक्षारस माझ्या हनुवटीवरून गळ्यावर ओघळला. त्याच वेळी मागे बाक करकरला, आणि दगडी फरशीवरून चपला चालत गेल्या, दारापर्यंत, बाहेर. ऑरिन उठून वळला तेव्हा त्याचा बाक रिकामा होता. पुठ्ठ्याचा पंखा तेवढा पडला होता.

नंतर हिरवळीवर लिंबाचं सरबत आणि ब्लूबेरीचा केक होता, पण माणसं घास तोंडात धरून कुजबुजत होती. फादर ॲम्ब्रोसना कोणीतरी सांगितलं असावं. ते एका खुर्चीत बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मी आत लोइसबरोबर प्याला धूत होते.

"त्याला कसं माहीत, मी नाव घेते ते?"

"गाव केवढं आहे, लोइस."

"मी त्याच्या तोंडावर कसं घेणार गं? तिच्या आईच्या तोंडावर? माझा जिवंत आहे." ती नळ सोडून तशीच उभी राहिली. "आणि त्यानं विचारावं? त्यानं?"

मी नळ बंद केला.

दुपारी उरलेला केक घेऊन मी थर्लोंकडे गेले. नोरीन चर्चपासून घरापर्यंत उन्हात चालत आली होती. ऑरिननं ट्रक तिच्या बाजूनं हळूहळू चालवला होता, ती बसली नव्हती. रस्त्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. आता ती मागच्या पायऱ्यांवर वाटाणे सोलत होती.

"त्यानं पाठवलं तुला?"

"नाही. मीच आले. तो कुठाय?"

"बोटीवर. काही करत नसेल. रविवारी काय करणार? नुसता बसला असेल."

मी तिच्याशेजारी बसले आणि शेंगा हातात घेतल्या. 

"तो प्यायला, त्याचं मला काही नाही," ती एकदम म्हणाली. "प्याला देवाचा. कोणाच्याही हातून येवो. पण तो तिथून उठला ना, तेव्हा मी त्याची पाठ बघितली. बावीस वर्षं बघतेय ती पाठ. हलका झाला होता तो, व्हर्ना."

"नोरीन..."

"नाही, ऐक. इतके दिवस आम्ही दोघांनी ते उचललं होतं. एका टोकाला तो, एका टोकाला मी. त्यानं आपलं टोक खाली ठेवलं. मला विचारलंसुद्धा नाही."

"त्याला सांग हे."

"काय सांगू? की बाबा, तू दुःखीच राहा माझ्यासाठी?" तिनं वाटाण्याचं भांडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि गॅसवर काहीतरी करपत असल्यासारखी घाईनं आत गेली. आत काही शिजत नव्हतं. मी थोडा वेळ बसले, मग भांडं पायरीवर ठेवून घरी आले.

ऑगस्टमध्ये नोरीन बँगोरला बहिणीकडे गेली. थोड्या दिवसांसाठी, असं ती म्हणाली. हिवाळ्याचे कपडे घेऊन गेली तेव्हा आम्ही काय ते समजलो. भांडण झालं नव्हतं. ऑरिननंच पेट्या ट्रकमध्ये चढवल्या.

लोइसनं रेव्हरंड प्रिसिलांना सांगितलं की प्याल्याच्या पाळीतून माझं नाव काढा. पानगळीत तिनं शाळेतली नोकरी सोडली आणि तुरुंगाजवळच्या गावात, एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम धरलं. जायच्या आधी दुकानाच्या दारात तिची आणि ऑरिनची गाठ पडली. मी तिच्याबरोबर होते. त्यानं टोपी काढली.

"डोळा कसा आहे त्याचा?"

"उजेड कळतो. तेवढंच."

"हं," तो म्हणाला. टोपी हातात फिरवली, घातली आणि आत गेला. ती दोघं एकमेकांशी बोलल्याचं मी त्यानंतर पाहिलं नाही. फादर ॲम्ब्रोस पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की तब्येत बरी नाही.

ऑरिन अजून येतो. उपासना संपली की कोणासाठी थांबत नाही, कॉफी घेत नाही, थेट बँगोरला जातो, मेव्हणीच्या घरी नोरीनबरोबर जेवायला. मागच्या महिन्यात त्याचा ट्रक बिघडला होता, म्हणून मी त्याला सोडायला गेले. वाटेत विचारलं, "काय बोलता रे तुम्ही दोघं?"

"हवा कशी आहे ते. बोटीचं. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं." त्यानं खिडकीची काच खाली केली. "जेवायला चांगलं करते. माझ्या आवडीचंच करते, दर वेळी. मी जास्त घेतलं की बरं वाटतं तिला."

"परत यायचं काढते?"

"मी विचारत नाही. विचारलं आणि नाही म्हणाली तर?"

घर आलं. नोरीन दारात आली, मला हात केला, पण आत बोलावलं नाही. ऑरिन उतरला, पायपुसण्यावर बूट घासले, अगदी पाहुणा घासतो तसे, आणि तिच्या मागोमाग आत गेला. मी रस्त्यापलीकडे गाडी सावलीत लावली आणि त्याचं जेवण होईपर्यंत बसून राहिले.