कवळीमास्तर आणि नखं

बाहेरच्या खोलीत एक बाई टेबलावर पंजा पालथा टाकून बसली होती, त्यामुळे कवळीमास्तरांना आपल्याच घरात चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेने आत जावं लागलं. त्यांची बायको त्या बाईला नखांचे प्रकार समजावून सांगत होती. अ‍ॅक्रिलिकचं नख दणकट, पावडर आणि लिक्विड कालवून ते बोटावरच घडवायचं, धुण्याभांड्यातही टिकतं. पण काढायचं म्हटलं की वेळ खातं. जेलचं हलकं आणि चमकदार, दिव्याखाली हात धरून घट्ट करायचं. तिसरी तयार नखं, कार्यक्रमापुरती चिकटवायची आणि नंतर डबीत काढून ठेवायची. बाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की यांपैकी खडे कशावर जास्त बसतात.

मास्तरांनी स्वयंपाकघरात नळाखाली हात धरले आणि बाहेर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "देवाने दहा दिली होती. ती पुरली नाहीत."

बायकोने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि खड्यांची पेटी उघडली.

कवळीमास्तर हे नाव त्यांना दातांच्या लॅबमधल्या लोकांनी दिलं होतं. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचं माप घेऊन पाठवत आणि मास्तर त्यावरून कवळी करून देत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खिडकीजवळच्या एकाच स्टुलावर बसून काढली. नावं ठेवणं हा त्यांचा एकमेव छंद होता आणि त्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही. डॉक्टर मापं घेतात की कणीक तिंबतात, असं ते विचारत. लॅबच्या मालकाला दाढ आणि सुळा यांतला फरक फक्त बिलावरून कळतो, असं त्यांचं मत होतं. रुग्णांबद्दल तर बोलायलाच नको. गालफडं बसलेली माणसं वॉशबेसिनसारखे पांढरेशुभ्र दात मागायची. मास्तर मान डोलवायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे. पुढचा एखादा दात किंचित तिरका लावायचे, हिरडीलगत चहाचा डाग पडल्यासारखी पुसट छटा द्यायचे. कवळी घालून माणूस हसला आणि समोरच्याला काही कळलं नाही, की काम झालं. ती कोणी केली हे त्या माणसालाही कधी कळत नसे. तो डॉक्टरांचे आभार मानून घरी जायचा.

मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा बायकोने एका पार्लरवालीकडे दुपारी जाऊन नखांचं काम शिकून घेतलं. मुलीचं अभ्यासाचं टेबल बाहेरच्या खोलीत ओढलं, वर एक दिवा लावला आणि गिऱ्हाइकं यायला लागली. मास्तरांनी त्या टेबलाचं नाव 'चिकटकाम खातं' ठेवलं. येणाऱ्या बायकांना ते पंजेवाल्या म्हणत. नखावर फुलपाखरू काढून घेणारी बाई घरी जाऊन त्याला खायला काय घालते, असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं होतं.

पण त्यांना खरा अपमान वाटला तो वासाचा. एका संध्याकाळी ते घरात शिरले आणि दारातच थबकले. लॅबमधला तोच नाकात चढणारा वास. टेबलावर तशीच पावडर, तसंच लिक्विड, फक्त बाटली नाजूक आणि झाकण सोनेरी. ज्या मालातून आपण माणसाला घास चावायला लावतो, त्याच मालातून ही लोकांना मांजरासारखी नखं बसवते, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्या दिवशी ते बरंच बोलले. बायको ब्रश पुसत ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तुमचं गिऱ्हाईक तोंड लपवतं. माझं हात पुढे करतं."

मास्तर टीव्ही लावून बातम्या देणाऱ्याच्या दातांना नावं ठेवत बसले.

मग त्यांची बोटं उलायला लागली. आधी टोकं कोरडी पडली, मग चिरा पडल्या, मग चिरांमधून पाणी येऊ लागलं. थंडीमुळे असेल म्हणून त्यांनी तेल चोळलं. थंडी गेली आणि चिरा तशाच राहिल्या. लॅबमधली नवी माणसं हातमोजे घालून काम करत, त्यांना ते 'पाहुणे' म्हणत आले होते. आता मोजे घालायचे म्हणजे त्यांच्यासमोर तोंड काळं करून घेण्यासारखंच होतं. एक दिवस त्यांच्या हातातली कवळी निसटून फरशीवर पडली आणि दुभंगली. मालकाने तुकडे स्वतःच वेचले, तेच त्यांना जास्त लागलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून पाहिली, पाठीवर पट्ट्या लावून तपासण्या केल्या आणि सांगितलं, की या लिक्विडचंच वावडं झालं आहे. मलमाने चिरा भरतील, पण पुन्हा त्या मालाला हात लावला की उघडतील. वावडं जाणार नाही. काम बदला. आपण त्या कामाशिवाय काय करायचं असतं, हे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीत नव्हतं, असं मास्तर घरी येऊन म्हणाले.

मालकाने त्यांना काढलं नाही. पुढच्या खोलीत बसवलं. तयार दात खोक्यांत भरायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या, कुरिअरवाला आला की त्याला द्यायचे. त्यांच्या स्टुलावर एक पाहुणा बसायला लागला. मास्तर खोक्यात भरण्याआधी प्रत्येक कवळी उजेडात धरून बघत आणि मग न राहवून आत जाऊन ती कुठे चुकली ते सांगत. थोड्याच दिवसांत मालकाने गोड आवाजात सांगितलं, की मास्तर, तुम्ही फक्त पत्ते बघा. दुसऱ्या दिवसापासून मास्तर गेले नाहीत.

घरी बसल्यावर निराळीच पंचाईत झाली. बाहेर टेबलावर काम सुरू झालं, की आतल्या खोलीत त्यांच्या पापण्या सुजायच्या आणि मानेवर चट्टे उठायचे. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. पंजेवाल्यांच्या वासाने आपले डोळे सुजतात, हे कबूल करण्यापेक्षा ते दार लावून, ओला रुमाल तोंडावर टाकून पडून राहत. बायको जेवण वाढताना त्यांच्या डोळ्यांकडे बघायची.

काही दिवसांनी वास कमी झाला. मग येईनासाच झाला. टेबलावरून सोनेरी झाकणाची बाटली गेली, नंतर जेलचा दिवाही गेला. गिऱ्हाइकंही रोडावली. मास्तरांना बरं वाटलं. लोकांना उशिरा का होईना अक्कल आली, असं त्यांनी बायकोला ऐकवलं. बायको म्हणाली, "आली असेल."

खरं काय ते त्यांना एका दुपारी कळलं. ती खडेवाली बाई आली होती. तिला घरात कार्य होतं आणि अ‍ॅक्रिलिकचीच नखं हवी होती. बायकोने तयार नखांची खोकी पुढे केली, त्यांवर हवी ती नक्षी काढून देते म्हणाली. बाई ऐकेना. इतकी वर्षं करत होतात, आता काय झालं, असं तिने तोडूनच विचारलं. मास्तर आत दाराला कान लावून उभे होते.

"मला सोसत नाही आता ते लिक्विड," बायको म्हणाली. "जेलही नाही. डोळे सुजतात माझे."

बाई म्हणाली, की मग तिला कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात जावं लागेल. ती गेली. जिन्यावरून तिच्या सँडलचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. मास्तर आपल्या आता बऱ्या झालेल्या डोळ्यांवर हात ठेवून दाराआड उभे राहिले. त्या बाईबद्दल काहीतरी झणझणीत बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण बाहेर आल्यावर म्हणाले, "चहा टाकू का?"

"टाका," बायको म्हणाली आणि तयार नखं आकाराप्रमाणे लावून ठेवायला लागली. ती अर्धा कप चहा प्यायली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक मुलगी आली. ती एका सराफाच्या दुकानात गिऱ्हाइकांना अंगठ्या दाखवायची. दुकानाचं शटर तिच्या बोटावर पडलं होतं. बोट वाचलं, पण नख मुळाशी जरासं उगवून वेडंवाकडं थांबलं होतं. मालकाने तिला काउंटरवरून उठवून मागे तिजोरीच्या खोलीत वजनकाट्यावर बसवलं होतं. माणूस वाईट नव्हता, असं ती म्हणाली. फक्त अंगठी बघताना गिऱ्हाइकांची नजर त्या बोटावर जाते, असं त्याने सांगितलं. आणि रंगवलेली, खोटी वाटणारी नखं त्याला दुकानात चालत नाहीत.

बायकोने खोकी उपसली. एक नख लावून पाहिलं, दुसरं लावलं, रंग जुळवला, आकार घासला. प्रत्येक वेळी ते एकटंच बाकी नखांमध्ये चकाकत राही. मुलगी हात मागे-पुढे करून बघायची आणि चांगलं आहे म्हणायची, पण तिच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं.

मास्तर सुती हातमोजे घातलेले हात पाठीमागे बांधून बाहेर आले. त्यांनी मुलीचा हात उचलला आणि खिडकीच्या उजेडात नेला.

"तुझी नखं काही चांगली नाहीत," ते म्हणाले. "त्यांत एक चांगलं बसवलं, तर लोक त्याच्याकडेच बघणार."

मुलगी बायकोकडे बघायला लागली. बायकोने तिला खुणेनेच थांब म्हटलं.

मास्तरांनी ते नख काढायला लावलं. आधी त्याची चमक घालवली पाहिजे म्हणाले. मग कानशीच्या टोकाने त्यावर उभ्या रेघा हव्यात, जेमतेम दिसतील अशा. मुळाशी फिकट चंद्र, टोकाला किंचित पिवळट झाक, आणि एक कोपरा जरासा झिजलेला. बारीक ब्रश त्यांनी स्वतःच हातात घेतला. मोजा आड येतो म्हणून काढला. दोन रेघा ओढल्या आणि अंगठ्याची चीर उघडली. ब्रशच्या दांड्यावर रक्त लागलं. त्यांनी तो पुसून बायकोपुढे धरला.

बायको काम करत राहिली, मास्तर मागे उभे राहून सांगत राहिले. हात हलका ठेव, भिंत रंगवत नाहीयेस. पिवळा कमी, तिला कावीळ झालेली नाही. फुलं काढून काढून तुझा हात बिघडला आहे. मुलगी आता खाली मान घालून हसत होती.

"तुम्ही बोला कमी आणि रंग नीट सांगा," बायको म्हणाली.

मास्तरांनी रंग नीट सांगितला.

शेवटी चिकटपट्टीने ते नख बोटावर बसवलं. मुलीने पंजा पसरला, मिटला, पुन्हा पसरला. मग दुसऱ्या हाताने डोळे पुसून तिने बायकोचे दोन्ही हात धरले, तुमचे उपकार कसे फेडू म्हणाली, आणि निघून गेली. मास्तर खिडकीतच उभे होते.

"छान झालं," बायको म्हणाली.

"तिसरी रेघ जाड आली," मास्तर म्हणाले आणि मोजा चढवायला लागले.

पुढच्या आठवड्यात ते मलम आणायला बाहेर पडले. औषधांचं दुकान जवळच होतं, तरी ते बाजारातल्या रस्त्याने गेले आणि सराफाच्या काचेसमोर थांबले. ती मुलगी पुढच्या काउंटरवर होती. समोर एक जोडपं बसलं होतं आणि ती अंगठी स्वतःच्या बोटात घालून त्यांना दाखवत होती. तरुणी इतकी वाकली होती, की तिचं नाक त्या नखाला लागायचंच बाकी होतं. ती अंगठीकडेच बघत होती. अंगठी भिकार होती, नळाच्या चावीएवढा खडा. त्या माणसाला ती आवडली होती, म्हणजे तोही तसलाच.

दारावरचा रखवालदार बाहेर आला आणि त्याने काय हवंय म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, काही नको. पण ते लगेच हलले नाहीत. आत मुलीने ती अंगठी काढली आणि दुसरी घातली, त्याच बोटात.